शहाळं संपेपर्यंत

"उद्या अध्यक्ष आला की मागणार आहे," रुआतू म्हणाला.

"मागणार म्हणजे? सही?" तेबानोमामाने केतकीच्या पानात वळलेली विडी तोंडातून काढली.

"सही नाही मामा. बुबुसी. भर मानेआबात, गावसभेच्या छपराखाली, सगळ्या बेटासमोर."

मामा मचाणावर सरसावून बसला. खाली कोंबड्या टोचत होत्या. बुबुसी हा शब्द आमच्या बेटांवर कोणी सहज उच्चारत नाही. नात्यातल्या माणसाने हा शब्द घालून काही मागितलं की मग होडी असो, डुक्कर असो, नाहीतर पोटचं पोर असो, नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणाऱ्याच्या नातवंडांनासुद्धा लोक ते ऐकवतात.

"तेबिकेची जमीन मागणार," नेई तिआओन म्हणाली. रुआतूची ही धाकटी बहीण शाळेत शिकवायची आणि घरातही शिकवत असल्यासारखीच बोलायची. "सरळ बोल ना. बापाची कबर मागणार."

"कबर कोण मागतंय? धक्का बांधायचा आहे," कैतू म्हणाला. थोरल्या कैतूचं अर्धं आयुष्य परक्या बोटींवर गेलं होतं. "मोठ्या देशाच्या मासेमारी बोटी तिथे लागणार. बर्फाचा कारखाना येणार. मी सोडून आलेल्या बोटीवर आता माझा पोरगा गंज खरवडतोय, तिआओन. घरच्या पाण्यावर काम मिळालं तर तुला का डाचतं?"

"काम! तुला पहारेकरी नेमतील, दादा. शिट्टी देतील गळ्यात अडकवायला. आपल्याच लोकांना हुसकायला."

"शिट्टी तर शिट्टी. माडी तर अध्यक्षाने बंदच केलीय, तोंडाला काहीतरी लागेल."

मामा हसला, पण लगेच गंभीर झाला. "इओतेबाबद्दल माझ्यासमोर वाकडं बोलायचं नाही. ह्या अध्यक्षाने म्हाताऱ्यांचा मान परत दिला. पूर्वी एखाद्या दारुड्याला गप्प बसवायचं तर न्यायाधीशाचा कागद लागायचा. आता मानेआबा ठरवते. रविवारी बाजार बंद. पोरं प्रार्थनेला येतात. काय वाईट केलं त्याने?"

"आणि बायकांनी निवडणुकीला उभं राहावं की नाही, तेही मानेआबाच ठरवते," तिआओन म्हणाली. "आमच्याकडे पाठ करून बसून."

"बायकांचं नंतर बघू."

"नंतरच बघता तुम्ही, मामा. आणि ज्या छोट्या देशाने आपल्याला दवाखाना बांधून दिला, डॉक्टर पाठवले, त्यांच्या राजदूताला रविवारच्या प्रार्थनेनंतर सांगून टाकलं, सामान बांधा. आणि ज्या देशाच्या नकाशात आपण ठिपक्याएवढेही सापडत नव्हतो, तो आता आपला सख्खा भाऊ!"

"त्याला राजकारण म्हणतात," रुआतू म्हणाला. "लहान माणसाने मोठ्याच्या शेजारी बसावं, म्हणजे ताट आधी येतं."

"झाला, मंत्री झाला हा," कैतूने गुडघ्यावर थाप मारली.

रुआतूला हसू आवरलं नाही. खासदारकीची त्याची दुसरी खेप चालू होती, आणि आता मत्स्यमंत्रीपद हातातोंडाशी आलं होतं. अध्यक्षाने स्वतः सांगितलं होतं: तेबिके मिळालं, आणि पुढच्या आठवड्यात राजधानीत, तारावाला, सरकारविरुद्धचा अविश्वासाचा ठराव पडला, की त्याच संध्याकाळी शपथ. ठराव एकाच मतावर अडला होता, हे रेडिओ ऐकणाऱ्या पोराटोरांनाही माहीत होतं. म्हणून तर अध्यक्ष स्वतः बोट काढून निघाला होता.

"पण तो बुबुसी करेल कसा?" तिआओनने विचारलं. "तो नात्यातला कुठे आहे?"

"आहे," कोपऱ्यातून आवाज आला.

नेई ब्वेना, ह्या तिघांची आई, इतका वेळ चटई विणत बसली होती. तिने मान वर केली नाही. "त्याची आजी नेई तेमोए माझ्या बापाची बहीण. लग्न करून दूरच्या बेटावर गेली. तेबिकेवरचा तिचा वाटा तसाच राहिला. तो वाटा आता इओतेबाचा. मी त्याची आत्या लागते."

"मग ह्याआधी कधी आला नाही तो आत्याकडे!"

"कशाला येईल? तेव्हा काही हवं नव्हतं."

मामाने विडीची राख झटकली. मग सावकाश म्हणाला, "मानेआबात आपल्या घराण्याच्या जागेवर, आपल्या बैठकीत बसून तो मागेल, तर मला हो म्हणावंच लागेल, ब्वेना. मी सगळ्यांत मोठा. उत्तर माझ्या तोंडून जाणार."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि केतकीची पट्टी दातात धरून तोडली.

मामा घरी निघाला, कैतू त्याला सोडायला गेला. रुआतू होडीचा दोर नीट बांधायला पाण्याकडे उतरला तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. ऊन उतरलं होतं. आतल्या पाण्यापलीकडे तेबिके दिसत होतं, माडांचा झुबका आणि त्याच्या कडेने बाहेरच्या समुद्राकडे जाणारी निळी वाट. प्रवाळाच्या भिंतीत होडी जाईल एवढी ती एकच फट. वाटेच्या तोंडाशी बापाची कबर, पांढऱ्या शिंपल्यांनी वेढलेली. बाप म्हणायचा, कोण बाहेर गेला आणि कोण परत आला हे मला इथून मोजता येईल.

"रुआतू, मला तुझ्याकडून एक हवंय."

"घे की."

"पुढच्या आठवड्यात संसदेत तू जे मत देणार आहेस, ते मला दे. बुबुसी."

त्याच्या हातातला दोर सुटला. "आई! अगं, हे काय डुक्कर आहे का? मत असं मागतात होय?"

"तुझा अध्यक्षच रेडिओवर म्हणाला ना गेल्या महिन्यात? नातेवाईक मागायला आला आणि कचेरीचा नियम दाखवून ज्याने त्याला परत पाठवलं, तो आमचा माणूसच नाही म्हणून. मामाने मला दोनदा ऐकवलं."

"पण तू करणार काय त्या मताचं? त्याच्या बाजूने की विरुद्ध?"

"अजून ठरवलं नाही."

"मग आत्ताच कशाला?"

"मागून ठेवलेलं बरं. उद्या गर्दी असेल." ती वळली. "दोर बांध. होडी चाललीय तुझी."

होडी खरंच चालली होती. कमरेएवढ्या पाण्यात धावत जाऊन त्याने ती धरली. देशाच्या भावी मंत्र्याची लुंगी ओली झाली, आणि किनाऱ्यावरून तिआओन पोट धरून हसत होती.

*

सकाळी सगळं बेट किनाऱ्यावर लोटलं होतं. पोरी माळा घेऊन, बायका सुगंधी पावडरचे डबे घेऊन, म्हातारे ठेवणीतल्या चटया कमरेला गुंडाळून. अध्यक्षाची बोट बाहेर उभी राहिली आणि रुआतू त्याला आणायला छोट्या होडीतून गेला. अध्यक्ष आपल्या बेटावर येतोय, आपल्या होडीतून, आपल्या नात्याने! कैतू नुसत्या तऱ्हेवाईक गप्पा मारो, पण आज सकाळी त्यानेही दाढी केली होती.

इओतेबा दांडगा माणूस. होडीत बसला तशी ती एका बाजूला कलली. मागोमाग मोठ्या देशाचा एक बारकासा अधिकारी आणि त्याचा दुभाष्या उतरले. अधिकाऱ्याने मांडीवर नकाशा उघडला.

"काय धाकट्या, आत्या कशी आहे?" अध्यक्ष म्हणाला. आत्या! रुआतूला गुदगुल्या झाल्या.

"वाट बघतेय, भाऊ."

होडी वाटेतून आत शिरली. डाव्या हाताला तेबिके, कबरीवरचे शिंपले उन्हात चमकत होते. अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. दुभाष्याने ते सांगितलं: "साहेब विचारतात, धक्का झाला की ही वाट बंद करावी लागेल. मोठ्या बोटींसाठी. गावच्या होड्या दुसरीकडून जाऊ शकतील ना?"

रुआतू हसला. विनोदच होता तो. दुसरीकडे आहे काय? ह्या बाजूला सगळी प्रवाळाची भिंत. त्याने अध्यक्षाकडे पाहिलं, आता तोही हसेल म्हणून.

"जातील," अध्यक्ष म्हणाला. "आमची माणसं हुशार आहेत."

दुभाष्याने ते सांगितलं, अधिकाऱ्याने मान डोलावली आणि नकाशाची घडी घातली. रुआतूचं हसू तोंडावर तसंच राहिलं, वाळत घातलेल्या माशासारखं. इओतेबाही बेटावरच वाढलेला होता. होड्या कुठून जातात हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"भाऊ," तो हळू म्हणाला, "दुसरी वाट नाही."

"धाकट्या, मंत्र्याने वाटेची काळजी करायची नसते. लोकांना बर्फ मिळेल, डबाबंद मासा मिळेल. आपल्या एवढ्याशा देशाला कोण विचारतं? समुद्र सोडला तर आपल्याकडे विकायला काय आहे?" त्याने रुआतूच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता आणि मायेचाही होता, हेच वाईट होतं.

*

मानेआबाचं छप्पर इतकं खाली उतरतं की आत शिरताना अध्यक्षालाही वाकावं लागतं. पाहुण्यांसाठी समुद्राच्या बाजूला नव्या चटया अंथरल्या होत्या. पोरींनी अध्यक्षाच्या मानेवर पावडर टाकली, तो शिंकला, सगळे हसले. बारका अधिकारी पाहुण्यांच्या चटईवर जाऊन बसला. अध्यक्ष मात्र तिथे थांबला नाही. कमरेत वाकून, चपला हातात घेऊन, तो सावकाश सगळी मानेआबा ओलांडत गेला आणि तेबानोमामाच्या शेजारी, त्यांच्या बैठकीत, मांडी घालून बसला.

लोकांत अशी कुजबुज उठली की छपरातली पाखरं उडाली. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. देशाचा अध्यक्ष पाहुण्याची चटई सोडून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता! रुआतू मामाच्या मागे बसला होता. त्याच्याही मागे बायकांत आई आणि तिआओन होत्या.

"मी आज पाहुणा म्हणून आलो नाही," अध्यक्षाने सुरुवात केली. आवाज असा की ध्वनिक्षेपकाची गरज नाही. "मी नेई तेमोएचा नातू. ही माझी बैठक. हे माझे काका. ही माझी भावंडं. आज मी घरी आलोय!"

टाळ्यांनी खांब हलले. मग तो बोलत गेला, आणि बोलायला तो पटाईतच होता. म्हाताऱ्यांचा मान, पोरांची शिस्त, गावातून हटवलेली दारू. तारावाचे शिकलेले लोक आपल्याला जुनाट म्हणतात, म्हणोत बापडे. "ते म्हणतात, कायदा मोठा. मी म्हणतो, रीत मोठी! कायदा बोटीने आला, रीत आपल्याबरोबर जन्मली. मागणाऱ्याला नाही म्हणत नाही, तोच आपला माणूस!" म्हातारे हुंकार देत होते. मग परदेशाचा विषय निघाला. मोठे देश समुद्रात एकमेकांकडे डोळे वटारून बघताहेत, मधे आपण. "घाबरायचं का? नाही. दोन दांडगे भांडत असतील तर शहाण्याने मासे विकावेत. दोघांनाही!" लोक खो खो हसले. मागे कैतूसुद्धा हसला.

रुआतूला हसू येत नव्हतं. अध्यक्षाचं बोलणं आता तेबिकेकडे वळत होतं, भरतीचं पाणी पायरी-पायरीने चढतं तसं. आजीची आठवण निघाली. आजीच्या जमिनीचं स्वप्न निघालं. आता एकच शब्द उरला होता, आणि तो उच्चारला की मामा हो म्हणणार आणि वाट बंद. बाप तिथे पडल्या पडल्या कोणाला मोजणार?

मोठा बोलत असताना धाकट्याने तोंड उघडायचं नाही, ही त्याच रीतीतली गोष्ट. रुआतूने मागे पाहिलं. आई शांत बसली होती. तिने तिआओनला नुसतं हनुवटीने खुणावलं.

तिआओन उठली. कमरेत वाकून, दोन्ही हातांत सोललेलं शहाळं धरून, ती थेट अध्यक्षासमोर गेली. शहाळं केवढं! झाडावरचं सगळ्यांत मोठं शोधून काढलं असावं.

"भाऊ, घसा सुकला असेल," ती गोड आवाजात म्हणाली.

मानेआबात दिलेलं शहाळं खाली ठेवत नाहीत आणि अर्धं सोडत नाहीत. अध्यक्षाने हसून ते घेतलं, तोंडाला लावलं आणि मान मागे टाकली.

मागून ठेवलेलं बरं. उद्या गर्दी असेल.

रुआतूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: त्याच्याआधी आपण मागायचं. मंत्रीपद, तारावाचं घर, गाडीवरचा झेंडा, सगळं एकदा डोळ्यांसमोरून गेलं. अध्यक्षाचा कंठ खाली-वर होत होता. तो भराभर पीत होता.

"भाऊ!" रुआतू म्हणाला. आवाज चिरकला. त्याने पुन्हा म्हटलं, "भाऊ, तुम्ही घरी आलात. आमचा मोठा भाऊ घरी आला, तर धाकट्याने काही मागावं ही रीतच आहे."

मामाने गर्रकन मान वळवली. अध्यक्षाचे डोळे शहाळ्याच्या कडेवरून मोठे झाले. तो आणखी जोरात पिऊ लागला, पाणी हनुवटीवरून छातीवरच्या माळांत ओघळलं.

"आजीचा तेबिकेवरचा जो वाटा तुमच्याकडे आलाय, तो मी मागतो. माझ्यासाठी नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक होडीसाठी. बुबुसी!"

शहाळं रिकामं झालं. अध्यक्षाने ते खाली आणलं. परक्या अधिकाऱ्याने दुभाष्याला कोपर मारलं, पण दुभाष्या मान उंचावून पुढेच बघत होता.

इओतेबाच्या तोंडावर राग आला, गेला, परत आला. तेबिके आधी रुआतूने मागितलं होतं; आता त्याचं नाव काढणं म्हणजे पहिल्या मागणाऱ्याला डावलून मागणं, आणि ते रीतीत बसत नव्हतं. नाही म्हणावं, तर पुढच्या आठवड्यात त्याची सगळी भाषणं लोक त्याच्याच तोंडावर मारणार. आणि नातं कोणी लादलं नव्हतं. तो स्वतःच चपला हातात घेऊन चालत आला होता.

मग त्याचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे, मग त्याचं ते गडगडाटी हसू.

"दिला!" तो म्हणाला. "घे धाकट्या, दिला! काका, तुमच्या घरात ही असली पोरं जन्मतात?"

छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला. म्हातारे जमिनीवर हात आपटत होते. कैतूने, धक्का हवा असलेल्या कैतूने, सगळ्यांत मोठी शीळ घातली. मामा एकदम हसत आणि रडत होता.

अध्यक्षाने हात वर केला. "थांबा, थांबा. आता माझी पाळी." त्याच्या डोळ्यांत आता हसू नव्हतं. "धाकट्या, पुढच्या आठवड्यातलं तुझं मत. बुबुसी."

एवढं बोलून तो मागे रेलला. अध्यक्ष उगाच झाला नव्हता तो.

रुआतूने खाली पाहिलं. मग त्याला हळूहळू हसू फुटलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"भाऊ, दिलं असतं हो. पण ते माझ्याकडे नाही. काल संध्याकाळीच आईने मागून घेतलं."

सगळ्या माना नेई ब्वेनाकडे वळल्या. अध्यक्षही गुडघ्यावर वळला, तोंड उघडलं. "आत्या..."

"अगं बायांनो, बसलाय कसल्या?" नेई ब्वेना कानावर हात ठेवून उठली. "मासा गार झाला! वाढा! घरचा माणूस इतक्या लांबून आलाय, आणि तुम्ही त्याला नुसतं बोलायला लावताय!"

ताटं आत आली. ताटं आली की मानेआबात मागणं बंद आणि खाणं सुरू. बाबाईचे कंद, भाजलेला नीरफणस, उडते मासे, माडाची काकवी. बायका पदार्थांवर पदार्थ रचत गेल्या आणि अध्यक्ष त्या डोंगरामागून आत्याकडे बघत राहिला. ती दुसऱ्या टोकाला पोरांना वाढत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं.

"मंत्रीपद गेलं तुझं," अध्यक्ष तोंडात घास ठेवून रुआतूला म्हणाला.

"माहीत आहे."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय." रुआतूने माशाचा काटा काढला. "गाडीवर झेंडा असता."

अध्यक्षाने नीरफणसाची फोड उचलली. "आणि मत? ती कोणाला देणार ते?"

"ते तुमच्या आत्यालाच विचारा, भाऊ."

तेवढ्यात नेई ब्वेना वाकून तिथूनच चालली होती. इओतेबाने घाईने घास गिळला. ती थांबली, त्याच्या ताटाकडे पाहिलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत तिआओनला हाक मारली.

"तिआओन, भाऊला अजून एक शहाळं दे गं. मोठं बघून."